सियागंजची हळद आणि प्रकाशाचा रंग

इंदूरच्या रेल्वे स्थानकापासून जवळच सियागंज ही किराणा मालाची घाऊक पेठ वसलेली आहे. सकाळ झाली की हातगाड्यांची आणि मालमोटारींची तेथे दाटी होते. धने, जिरे, मिरची, हळद यांची पोती हमालांच्या पाठीवरून उतरतात, भावाची घासाघीस चालते, आणि गादीवर बसलेल्या व्यापाऱ्याच्या हाताशी तांबड्या कापडात बांधलेली खतावणी असते. आता हिशेब संगणकावर होऊ लागले, तरी दिवाळीच्या पूजेला तांबडी वहीच लागते. हळदीचा पिवळा आणि वहीचा तांबडा हे दोन्ही रंग इतके परिचयाचे, की त्यांच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. तथापि या दोन रंगांच्या मागे मोठा इतिहास उभा आहे. आणि त्याचा धागा धरून चालू लागले, तर तो इंदूरच्याच सीमेवरील प्रयोगशाळांपर्यंत, रंगातून प्रकाश निर्माण करण्याच्या विद्येपर्यंत घेऊन जातो.

प्रथम तांबड्या रंगाकडे वळू. माळव्याची काळी जमीन कापूस आणि अफू यांसाठी प्रसिद्ध होती, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच जमिनीत एके काळी आल नावाचे झाड रंगासाठी मुद्दाम लावीत असत, ही गोष्ट आता विस्मृतीत गेली आहे. महाराष्ट्रात ज्याला बारतोंडी म्हणतात, त्याच कुळातले हे झाड. त्याच्या मुळांच्या सालीत तांबडा रंग असतो. तीन-चार वर्षे झाड वाढू द्यायचे, मग खोल खणून मुळ्या काढायच्या, जाड आणि बारीक मुळ्या निवडून वेगळ्या करायच्या, त्या कुटायच्या, आणि तुरटीने भिजविलेले कापड त्यांच्या काढ्यात उकळायचे, अशी ती दीर्घ खटपट होती. खारवा नावाचे जाडेभरडे तांबडे कापड याच रंगाने रंगविले जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हंटर नावाचा एक ब्रिटिश शल्यवैद्य उज्जैनपर्यंत प्रवास करून गेला. माळव्यातील ही लागवड आणि रंगविण्याची रीत पाहून त्याने तिच्यावर सविस्तर लेख लिहिला, व तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत १७९५ साली प्रसिद्ध झाला. माळव्यातल्या शेतकऱ्याला आणि रंगाऱ्याला या रंगाचे सर्व गुणदोष माहीत होते. माहीत नव्हती ती एकच गोष्ट : हा रंग ज्या रेणूमुळे येतो, त्या रेणूत अणूंची मांडणी कशी आहे. अर्थात त्या काळी ती जगात कोणालाच ठाऊक नव्हती.

पुढे १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा तरुण डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून क्विनीन तयार करण्याच्या खटपटीत होता. क्विनीन काही हाती आले नाही. हाती आला एक जांभळा रंग. कृत्रिम रंगांच्या उद्योगाचा आरंभ या फसलेल्या प्रयोगातून झाला. पर्किनचा रंग योगायोगाने सापडलेला होता. त्यानंतर बारा वर्षांनी, १८६८ मध्ये, बर्लिन येथे कार्ल ग्रेबे आणि कार्ल लीबरमान यांनी मंजिष्ठेच्या जातीच्या युरोपीय झाडातील तांबड्या रंगाचा, म्हणजे ॲलिझरीनचा, सांगाडा ओळखला आणि तोच रंग डांबरातील अँथ्रासीनपासून तयार करून दाखविला. १८६९ मध्ये हाइनरिख कारो याच्या साहाय्याने त्यांनी या कृतीच्या सुधारित रीतीसाठी इंग्लंडमध्ये एकस्वाचा अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी पर्किननेही तसाच अर्ज केला. शेतात उगवणारा रंग अशा रीतीने कारखान्यात तयार होऊ लागला.

याचा परिणाम प्रथम फ्रान्समधील मंजिष्ठेच्या शेतकऱ्यांवर झाला, आणि पाहता पाहता ती लाट माळव्यापर्यंत पोहोचली. आलाच्या मुळातील मोरिंडोन हा रंग आणि ॲलिझरीन हे एकाच घराण्यातले. तीन जोडलेल्या वलयांचा सांगाडा दोघांतही सारखाच. ज्याला त्या सांगाड्याचे मर्म कळले, त्याला मुळ्या खणण्यासाठी चार वर्षे थांबण्याचे कारण उरले नाही. जर्मनीहून आलेला स्वस्त रंग बाजारात पडू लागला आणि आलाची लागवड हळूहळू नाहीशी झाली. धार जिल्ह्यातील बाग या गावची ठशांची छपाई आज देशोदेशी वाखाणली जाते. तिच्या तांबड्या रंगासाठीही ॲलिझरीनच वापरले जाते. ज्या शेतकऱ्याने आपल्या झाडाची निगा राखण्यात काहीच कसूर केली नव्हती, त्याचे पीक हजारो मैलांवर कागदावर काढलेल्या एका आकृतीने बुडविले. निळीचेही पुढे तेच झाले. ॲडॉल्फ फॉन बायर याने १८८३ मध्ये तिची रचना निश्चित केली आणि १८९७ मध्ये कारखान्यातील नीळ विक्रीस आली.

आकृतीला एवढे सामर्थ्य कोठून आले? १८७६ साली ओटो विट या रसायनशास्त्रज्ञाने असे मांडले, की रेणूचा एक विशिष्ट भाग रंग आणतो आणि त्याला जोडलेले दुसरे गट तो रंग गडद करतात. ही कल्पना आज अपुरी वाटते, परंतु रंग शोधण्याऐवजी रंगाची रचना करण्याचा विचार तिच्यामुळे रुजला. भारतात ही विद्या पद्धतशीरपणे शिकविली जाऊ लागली ती मुंबईत. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रविद्येचा विभाग स्थापन केला. माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी ती हीच. तेथे कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी रंगरसायनाच्या अभ्यासाची भक्कम परंपरा घालून दिली. १९३८ मध्ये ते त्या विभागाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. कृत्रिम रंगांच्या रसायनावरील त्यांच्या ग्रंथाचे पहिले खंड १९५२ मध्ये निघाले आणि जगभर प्रमाण मानले गेले. १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालकपदही त्यांच्याकडे आले. आलाच्या बाबतीत जे ज्ञान परदेशी होते, ते आता माटुंगा आणि पुणे येथे मराठी मुलांच्या वह्यांत उतरू लागले.

आता हळदीकडे येऊ. सियागंजच्या पुष्कळ दुकानांत बनावट नोटा ओळखण्यासाठी अतिनील प्रकाशाचा लहानसा दिवा असतो. चिमूटभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये ढवळून, गाळून ते पिवळे पाणी त्या दिव्याखाली धरले, तर ते हिरवट तेजाने चमकू लागते. यात जादू काही नाही. कपड्याचा रंग प्रकाशाचा काही भाग शोषून घेतो, आणि उरलेला भाग आपल्या डोळ्यांना दिसतो. शोषलेली ऊर्जा बहुधा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. काही रेणू मात्र ती ऊर्जा पुन्हा प्रकाशाच्या रूपाने परत देतात. केवळ मिळालेल्या प्रकाशाहून थोडी उतरलेली. न दिसणारा अतिनील प्रकाश आत जातो आणि दिसणारा हिरवा प्रकाश बाहेर येतो. जॉर्ज स्टोक्स याने १८५२ मध्ये या घटनेला फ्लुओरेसन्स हे नाव दिले. मराठीत तिला अनुस्फुरण म्हणतात. बायर याने १८७१ मध्ये तयार केलेले फ्लुओरेसीन या गुणासाठी विशेष गाजले. १८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूब नदीचे जमिनीत लुप्त होणारे पाणी कोठे जाते हे पाहण्यासाठी दहा किलो रंग त्यात ओतला गेला, आणि सुमारे अडीच दिवसांनी दूरच्या आख झऱ्याचे पाणी हिरवे चमकू लागले.

हळदीचा हा प्रयोग आणखी एक गोष्ट शिकवितो. द्रावण विरळ असताना चमक चांगली दिसते; रंगाचे रेणू एकमेकांना खेटून दाटीने बसले, की ती मंदावते. उत्तेजित झालेला रेणू आपली ऊर्जा शेजाऱ्याला देतो आणि त्या देवघेवीत ती वाया जाते. रंगातून प्रकाश काढू पाहणाऱ्या प्रत्येकाला पुढे ही अडचण भेटली.

१९६६ मध्ये अमेरिकेत पीटर सोरोकिन आणि जॉन लँकार्ड यांनी, आणि स्वतंत्रपणे जर्मनीत फ्रिट्झ शेफर यांनी, सेंद्रिय रंगाच्या द्रावणातून लेसर किरण मिळविले. इतर बहुतेक लेसर ठरावीक रंगाचाच किरण देतात. रंगद्रावणाच्या लेसरचा किरण मात्र, सतारीची खुंटी पिळून सूर लावावा तसा, हव्या त्या छटेवर आणता येतो. कापड रंगविण्यासाठी शोधलेल्या ऱ्होडामीन या रंगाला अशा रीतीने नवे आयुष्य मिळाले.

ही विद्या इंदूरला आली ती अणुऊर्जा विभागाच्या प्रगत तंत्रविद्या केंद्राबरोबर. शहराबाहेर सुखनिवास तलावाच्या परिसरात १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते या केंद्राची कोनशिला बसविली गेली. २००५ मध्ये त्याला राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले. केंद्राचे संस्थापक-संचालक होते डॉ. दिलीप देवीदास भवाळकर. सागर विद्यापीठातून पदवी घेऊन आणि इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन येथे डॉक्टरेट मिळवून ते मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात लेसरचे काम करू लागले होते. त्या अनुभवाची शिदोरी घेऊन ते इंदूरला आले. सन २००० मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. या केंद्रात तांब्याच्या बाष्पावर चालणारे लेसर तयार झाले. त्यांचा हिरवा आणि पिवळा किरण रंगाच्या द्रावणावर सोडला, की द्रावणातून इच्छित छटेचा किरण निघतो. एकाच मूलद्रव्याच्या निरनिराळ्या समस्थानिकांना वेगळे ओळखण्याइतका अचूक किरण अशा लेसरमधून मिळू शकतो.

या लेसरमध्ये द्रावण स्थिर ठेवून चालत नाही; ते वेगाने वाहते ठेवावे लागते. एक कारण उष्णता, आणि दुसरे अधिक सूक्ष्म आहे. उत्तेजित रेणूच्या दोन अवस्था असतात. पहिलीला एकल अवस्था म्हणतात. तिच्यातून प्रकाश तत्काळ बाहेर पडतो. दुसरी त्रिक अवस्था. तिच्यात रेणू सापडला, की बराच काळ अडकून राहतो, आणि वर इतरांचा प्रकाशही गिळतो. द्रावण वाहते असले, म्हणजे असे अडकलेले रेणू पुढे निघून जातात आणि त्यांच्या जागी ताजे येतात. लेसरपुरता हा उपाय चालला. परंतु जेथे द्रावणच नाही, तेथे काय करावे?

तो प्रश्न लवकरच उभा राहिला. छायाचित्रांच्या फिल्मसाठी रंग तयार करण्यात अमेरिकेतील रॉचेस्टर येथील कोडॅक कंपनी मुरलेली होती. तेथेच १९८७ मध्ये चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांचे दोन अतिशय पातळ थर काचेवर चढविले. दोन्ही मिळून त्यांची जाडी माणसाच्या केसाच्या शेकडो पटींनी कमी होती. त्यांतून दहा व्होल्टपेक्षाही कमी दाबाची वीज सोडताच हिरवा प्रकाश पडला. तापलेली तार नाही, वायूची नळी नाही. रंगाचा थरच दिवा झाला. मोबाईलच्या ज्या पडद्यांना आज ओलेड म्हणतात, त्यांची ही सुरुवात. दोनच वर्षांनी त्यांनी प्रकाश देणाऱ्या थरात लेसरसाठी वापरले जाणारे कुमारिन आणि डीसीएम हे रंग अत्यल्प प्रमाणात मिसळले. प्रकाश जवळजवळ दुप्पट झाला, आणि त्याची छटाही बदलता येऊ लागली. रंग अत्यल्प का, याचे उत्तर हळदीच्या विरळ पाण्यात आधीच मिळालेले आहे.

पण त्रिक अवस्थेचा तिढा येथे अधिकच घट्ट झाला. विजेने उत्तेजित केलेल्या दर चार रेणूंपैकी सरासरी एकच एकल अवस्थेत जातो. उरलेले तीन त्रिक अवस्थेत अडकतात. म्हणजे विजेचा तीन चतुर्थांश भाग वाया! १९९८ मध्ये स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांच्या गटाने यावर एक तोड काढली : रेणूत प्लॅटिनमसारखा जड धातू बसविला, की त्रिक अवस्थेतूनही प्रकाश निघतो. पुढे इरिडियम वापरात आले. पण हे धातू दुर्मीळ आणि महाग. मग २०१२ मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठातील चिहाया अदाची यांच्या गटाने धातूविना मार्ग दाखविला. रेणूचा एक भाग इलेक्ट्रॉन देणारा आणि दुसरा घेणारा ठेवायचा, आणि दोघांना एकमेकांशी तिरपे जोडायचे. असे केले की दोन्ही अवस्थांतील उंचीचा फरक इतका थोडा उरतो, की खोलीतल्या साध्या उष्णतेनेच अडकलेला रेणू पायरी चढून वर येतो आणि प्रकाश देतो. अशा रेणूत आतल्या आत ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा प्रकाशात रूपांतरित झाली. रंगाची रचना करणे म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

याच रचनाविद्येचे काम आज इंदूरमध्ये चालते. इंदूरची आय. आय. टी. २००९ मध्ये सुरू झाली. खंडवा रस्त्यावर सिमरोळ येथे तिचा परिसर आहे. तेथील रसायनशास्त्र विभागात प्राध्यापक रजनीश मिश्रा आणि त्यांचे विद्यार्थी देणारे व घेणारे गट जोडून प्रकाश देणारे रेणू घडवीत आले आहेत. त्यांच्या आवडीच्या गटांपैकी एक आहे फिनोथायझिन. हा गट म्हणजे मेथिलीन ब्लू या जुन्या निळ्या रंगाचा सांगाडा. आणि तो रंग १८७६ मध्ये तयार करणारा हाइनरिख कारो हा ॲलिझरीनच्या अर्जातील भागीदारच होता. फिनोथायझिनचा रेणू पंख किंचित मिटलेल्या फुलपाखरासारखा वाकलेला असतो. त्यामुळे रेणूंची चळत घट्ट बसत नाही, आणि दाटीने विझण्याचे भय कमी होते. रेणूचे चित्र काढायचे, त्याचे गणित संगणकावर करायचे, मग तो पायरीपायरीने तयार करून शुद्ध करायचा आणि त्याचा प्रकाश मोजायचा, असा हा क्रम. एखाद्या गटाची जागा बदलली, तरी हिरव्याचा निळा होतो किंवा प्रकाश साफ नाहीसा होतो. बारा महिन्यांच्या खटपटीनंतर हाती आलेला रेणू मंद निघाला, तर पुन्हा चित्रापासून आरंभ करावा लागतो.

हळदीचा सांगाडाही या विद्येत मागे राहिलेला नाही. मराठी घरांत पूर्वी हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावून कुंकू तयार करीत, हे जुन्या पिढीला आठवत असेल. टाकणखारात बोरॉन असते. हळदीतील कर्क्युमिन आणि बोरॉन यांची आम्लात गाठ पडली, की पिवळ्याचा तांबडा रंग होतो. रसायनशाळेत बोरॉन ओळखण्यासाठी हळदीचा कागद वापरतात तो याच कारणाने. २०१८ मध्ये क्यूशू विद्यापीठातील आणि फ्रान्समधील संशोधकांनी कर्क्युमिनसारखाच सांगाडा घेऊन त्यात बोरॉन आणि फ्लोरीन बसविले, आणि त्याला देणारे गट जोडले. त्या रेणूपासून केलेल्या दिव्याने डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या गडद तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश दिला, आणि त्याची कार्यक्षमता जवळजवळ १० टक्क्यांपर्यंत गेली. कुंकू करणाऱ्या गृहिणीला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण हळद आणि बोरॉन यांची जोडी तिच्या हाताखालून शतकानुशतके जात होती.

ही कथा केवळ कौतुकाने ऐकून सोडून देण्यासारखी नाही. प्रकाश देणाऱ्या रंगांपुढे अजून कठीण प्रश्न आहेत. निळा प्रकाश देणारा रेणू सर्वांत अधिक ऊर्जा वाहतो, आणि म्हणून सर्वांआधी झिजतो. दीर्घायुषी निळ्याचा शोध अजून चालू आहे. शिवाय रेणू घडविणे आणि त्याचे पडदे लाखोंनी तयार करणे यांत मोठे अंतर आहे. असे पडदे आज मुख्यत्वे दक्षिण कोरिया आणि चीन येथे तयार होतात. प्रयोगशाळेतील ज्ञान कारखान्यापर्यंत पोहोचले नाही, तर आपण रंग रचणारे असूनही रंग विकत घेणारेच राहू.

माळव्याने हा अनुभव एकदा घेतलेला आहे. आलाच्या मुळ्या येथल्या होत्या, कष्ट येथले होते, कसबही येथलेच होते. परंतु रेणूची आकृती दुसरीकडे काढली गेली आणि पीक गेले. या वेळी आकृती काढणारे हात इंदूरमध्येही आहेत. सियागंजमध्ये उद्या सकाळी पुन्हा हळदीची पोती उतरतील, तांबड्या वहीच्या शेजारी ठेवलेल्या मोबाईलचा पडदा भाव दाखविण्यासाठी उजळेल. वहीचा तांबडा रंग माळव्याच्या हातून कसा गेला, हे आपण पाहिले. त्या पडद्यातला रंग कोणाचा असेल, हे मात्र अजून ठरायचे आहे. आणि ते ठरविणारी मुले आज कोठल्या तरी शाळेत रसायनशास्त्राचा पहिला धडा गिरवीत असतील.